१००जीच्या स्विचला १०जी-२५जीचे सर्व्हर कसे जोडायचे: ऑर्डर देण्याआधीपासून शेवटच्या टेस्टपर्यंत

ऑफिसात नवीन १००जी (सेकंदाला १०० गिगाबिटचा) स्विच येतो, सर्व्हर मात्र तेच जुने १०जीचे, फार तर दोनचार २५जीचे, आणि मग कोणीतरी केबल आणतं, खुपसतं, लाइट काही लागत नाही, आणि रात्री अकराला फोन येतो की स्विचच खराब आलाय. स्विच खराब नसतो हो. आपल्याला आरजे४५ ची सवय लागलेली असते, तिथे गिगाबिटच्या पोर्टला शंभर एमबीपीएसचं जुनं यंत्र लावलं तरी दोघं आपापसात बोलून स्पीड ठरवतात. इथे तसं नाही, १००जीचा पोर्ट समोर हळू सर्व्हर बघून आपणहून खाली उतरत नाही, त्याला उतरवावं लागतं, आणि तेसुद्धा ठरावीक पायऱ्यांनीच.

खाली उदाहरणाला ३२ क्यूएसएफपी२८ (१००जीचं भोक) पोर्टचा रॅकच्या डोक्यावर बसणारा स्विच धरलाय. तुमच्याकडे ४०जीचा असेल तरी पद्धत तीच, फक्त २५ च्या जागी १० वाचा.

आधी हे डोक्यात पक्कं करा

१००जीचा पोर्ट म्हणजे एक मोठा पाइप नव्हे, २५जीच्या चार लेन शेजारी शेजारी आहेत. ४०जीमध्ये १०जीच्या चार. म्हणून १००जीचा पोर्ट फोडला (यालाच ब्रेकआउट म्हणतात) की ४ गुणिले २५ मिळतं, आणि बहुतेक स्विचवर त्याच लेन हळू चालवून ४ गुणिले १० पण मिळतं. १००जी फोडून १०जीचे दहा पोर्ट मिळत नाहीत, हा हिशोब मी परचेसवाल्यांच्या एक्सेलमध्ये स्वतः बघितलाय. एका पोर्टचे चार, बस. १०जीवर चालवलात तर ६० फुकट जातात, ते मान्य करूनच पुढे जा.

१. सुरुवात सर्व्हरपासून करा, स्विचपासून नाही

प्रत्येक सर्व्हरसाठी एका ओळीत चार गोष्टी लिहा: नेटवर्क कार्डचं मॉडेल, भोक कोणतं आहे, कोणते स्पीड चालतात, आणि कार्ड कोणत्या पीसीआय स्लॉटमध्ये आहे.

भोक बघताना गडबड होते, कारण एसएफपी+ (१०जीचं) आणि एसएफपी२८ (२५जीचं) दिसायला सारखेच, एकमेकांत बसतातही. बाहेरून ओळखता येत नाही, त्यामुळे एलएसपीसीआय (आतल्या कार्डांची यादी दाखवणारी लिनक्सची कमांड) मारून मॉडेल बघा. इंटेलचं एक्स५२० आणि एक्स७१० ही १०जीवाली, एक्सएक्सव्ही७१० हे २५जीचं, मेलानॉक्सचं कनेक्टएक्स-४ एलएक्स २५जीचं पण १०जीवरही चालतं.

स्लॉटचं कोणी बघत नाही आणि मग शेवटी बोंब होते. पीसीआय ३.० च्या चार लेनमधून साधारण ३१ जीबीपीएस जातं, त्यामुळे दोन पोर्टचं २५जी कार्ड चार लेनच्या स्लॉटमध्ये बसलं असेल तर दोन्ही पोर्ट मिळून ५० कधीच मिळणार नाहीत. एलएसपीसीआयच्या व्हर्बोज आउटपुटमध्ये लिंक स्टेटसची ओळ असते, तिथे विड्थ आठ दिसायला हवी.

सर्व्हरला मदरबोर्डवरचा १०जी आरजे४५ पोर्टच असेल तर तो वेगळा बाजूला काढा. क्यूएसए अडॅप्टरमधून (तिसऱ्या पायरीत येतो) आरजे४५ चं एसएफपी+ मॉड्यूल लावता येतं, पण ती मॉड्यूल चांगलीच तापतात आणि बहुतेकांची मजल ३० मीटरची. एकदोन सर्व्हर असतील तर ठीक, दहा असतील तर सरळ एसएफपी+ कार्ड टाका किंवा मधे १०जी कॉपरचा छोटा स्विच ठेवा. आणि आयपीएमआय, आयड्रॅकसारखे १जीचे मॅनेजमेंट पोर्ट या स्विचला लावायच्या फंदात पडूच नका, बऱ्याच १००जी स्विचवर १जी चालतच नाही, त्यांना वेगळा साधा स्विच द्या.

२. स्विचचा पोर्ट मॅप कागदावर काढा

प्रत्येक पोर्ट फुटतोच असं नाही, आणि फुटला तर शेजाऱ्याचं काय होतं ते बघावं लागतं. मेलानॉक्सच्या एसएन२७०० वर वरचा विषम नंबरचा पोर्ट चारात फोडला की त्याच्या खालचा सम नंबरचा बंद पडतो. म्हणजे ३२ पोर्ट बघून १२८ सर्व्हरचा प्लॅन केलात तर तो ६४ वरच अडतो. आणि त्या खालच्या पोर्टात तुमचा अपलिंक (बाकीच्या नेटवर्ककडे जाणारी लिंक) असेल तर? मग कमांड मारल्या मारल्या कळतंच.

४८ पोर्टच्या २५जी स्विचवर वेगळी भानगड असते, तिथे काही मॉडेलमध्ये पोर्ट चाराच्या गटाने चालतात. जुनिपरच्या क्यूएफएक्स५१२०-४८वाय वर शून्य ते तीन हा एक गट, चार ते सात दुसरा, आणि गटातल्या चारही पोर्टला एकच स्पीड. एका गटात तीन १०जी आणि एक २५जी असं जमत नाही. म्हणून सर्व्हर रॅकमध्ये चढवायच्या आधीच १०जीवाले एकीकडे आणि २५जीवाले दुसरीकडे करून घ्या, नंतर केबल उपसत बसण्यात अख्खा शनिवार जातो.

*तपासा:* त्या मॉडेलच्या हार्डवेअर गाइडमध्ये ब्रेकआउटचं कोष्टक असतं. तुमच्या ओएसच्या व्हर्जनचं बघा, मागच्या व्हर्जनचं नाही.

३. जोडायचा मार्ग ठरवा

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात म्हणून जरा लांबण लावतो.

रॅकमधल्या रॅकमध्ये असेल तर ब्रेकआउट डॅक (टोकांना प्लग असलेली तांब्याची तयार केबल) घ्या, एका टोकाला क्यूएसएफपी, दुसऱ्या टोकाला चार एसएफपी. स्वस्त, तापत नाही, वीज जवळपास खात नाही. १०जी सर्व्हरला ४०जीवाली, म्हणजे क्यूएसएफपी+ ते चार एसएफपी+. २५जी सर्व्हरला क्यूएसएफपी२८ ते चार एसएफपी२८. २५जीची केबल १०जी कार्डात बसते आणि कधीकधी चालतेही, पण त्या भरवशावर चाळीस केबलची ऑर्डर देऊ नका, एक मागवून बघा.

लांबी मोजताना सरळ अंतर धरू नका. ४२यू रॅक आतून जेमतेम १.९ मीटर उंच, पण केबल स्विचमधून आडवी बाजूला येते, खाली उतरते, परत आडवी सर्व्हरकडे जाते, त्यामुळे तळाच्या सर्व्हरला ३ मीटर लागतेच. ब्रेकआउट केबलचे चार पाय एका जागेपासून फुटतात, म्हणून एका केबलचे चारही सर्व्हर एकाखाली एक हवेत. एक वर आणि तीन खाली असं केलंत की वरच्याचा गुंडाळा होतो आणि खालचे ताणले जातात. २५जीवर ३ मीटरच्या पुढे पॅसिव्ह कॉपर नेऊ नका, ५ मीटर कागदावर होतं पण त्याला आरएस-फेक (बिघडलेले बिट दुरुस्त करायची सोय, सहाव्या पायरीत येते) लागतंच आणि माझ्या मते तेवढ्या अंतराला फायबरच बरी.

दुसऱ्या रॅकला जायचं असेल तर फायबर. स्विचमध्ये एसआर४ मॉड्यूल, त्याला एमपीओ टोक (एकाच प्लगमध्ये बरेच फायबर), आणि एमपीओपासून चार एलसी (एकेका फायबरचं छोटं टोक) जोड्यांची हार्नेस केबल. मॉड्यूल सर्व्हरच्या स्पीडप्रमाणे: २५जीला १००जी एसआर४, १०जीला ४०जी एसआर४. १००जीचं मॉड्यूल लावून लेन १०जीवर चालवू म्हणालात तर बहुतेक मॉड्यूल ऐकत नाहीत. अंतर ४०जीला ओएम३ प्रतीच्या फायबरवर १०० मीटर आणि ओएम४ वर १५०, १००जीला तेच ७० आणि १००.

> इशारा: नावात ४ आहे म्हणजे फुटतं असं नाही! एलआर४ आणि सीडब्ल्यूडीएम४ मध्येही चार आहे, पण ते चार रंगांचे प्रकाश एकाच फायबरच्या जोडीतून जातात, त्यांना वेगळं करता येत नाही. बायडायचंही तेच. फुटतात ते फक्त समांतर फायबरवाले: एसआर४, पीएसएम४ वगैरे. झटपट ओळख म्हणजे मॉड्यूलला साधं एलसी भोक असेल तर विसरा, एमपीओ असेल तर आशा आहे.

हा इशारा मी फुकटात शिकलेलो नाही, दोन एलआर४ अजून माझ्या ड्रॉवरमध्ये पडलेत.

हार्नेस घेताना चार जोड्यांची, आठ फायबरची मागा. दुकानात सहा जोड्यांची पण मिळते, ती पॅच पॅनेलसाठी असते आणि तिच्यात १-२, ३-४ अशा जोड्या असतात. मॉड्यूलला १ ची जोडी १२ शी, २ ची ११ शी, ३ ची १० शी आणि ४ ची ९ शी लागते, मधले चार फायबर रिकामे. चुकीची लावली तर मॉड्यूल ठणठणीत, सगळीकडे लेझर चालू, आणि एकही लिंक नाही. एमपीओचं टोक पिन नसलेलं घ्या, पिना मॉड्यूलमध्ये असतात. सिंगल मोडवर गेलात तर तिरकं घासलेलं हिरवं टोक आणि सपाट टोक एकमेकांना लावू नका, दोन्ही खराब होतात.

एकदोनच हळू सर्व्हर असतील तर क्यूएसए अडॅप्टर घ्या. क्यूएसएफपीच्या भोकात हा ठोकळा बसतो आणि त्यात एक एसएफपी. चारातली एकच लेन वापरली जाते, बाकी तीन मेल्या. २५जीसाठी त्याचा २८वाला प्रकार लागतो, १०जीवाल्यात २५जी मॉड्यूल घालून बघत बसू नका.

आणि एक उलटा प्रकार लोक करतात, सर्व्हरच्या ४०जी कार्डात क्यूएसएफपीचं टोक लावून चार पाय १०जी स्विचमध्ये. फुटायची बाजू ज्याच्याकडे आहे त्याला फोडता यायला हवं, आणि बहुतेक सर्व्हर कार्डांना ते येत नाही.

४. कोणता पाय कोणाला, ते लावायच्या आधी लिहा

एक मॉड्यूल गेलं की चार सर्व्हर एकदम जातात. म्हणून बाँडिंग (दोन लिंक जोडून एक) करणार असाल तर एका सर्व्हरच्या दोन्ही लिंक एकाच क्यूएसएफपीतून काढू नका, शक्यतो दोन स्विचमध्ये वाटा. ऐकायला उघड वाटतं, पण केबल जवळची हाताला लागते म्हणून दहातले चार लोक हेच करतात.

दुसरी गोष्ट नंबरची. केबलच्या पायांवर १, २, ३, ४ छापलेलं असतं. सिस्को आणि अरिस्टावर उपपोर्ट /१ पासून /४ पर्यंत, म्हणजे जुळतात. जुनिपरवर :० ते :३. क्युम्युलसवर (ही स्विचची ओएस, सोनिकही तशीच) एस० ते एस३. सोनिकवर तर नंबर लेनप्रमाणे चालतो, इथरनेट०, १, २, ३ हा पहिलाच पोर्ट आणि दुसरा पोर्ट इथरनेट४ पासून. आमच्याकडे एकाने पाय क्रमांक ३ चा सर्व्हर मेंटेनन्सला घ्यायचा म्हणून :३ बंद केला. तो पाय ४ होता. पाय ४ वर डेटाबेस होता. त्या दिवसापासून आम्ही केबलच्या दोन्ही टोकांना छापील नंबर झाकून स्विचमधलं नावच चिकटवतो.

५. स्विचवर आधी कमांड, मग केबल

क्रम महत्त्वाचा. पोर्टवरचं सध्याचं कॉन्फिग कॉपी करून ठेवा, कारण फोडल्यावर मूळ पोर्ट जातो आणि त्याच्यावरचे व्हीलॅन, एमटीयू (पॅकेटची कमाल साइज), डिस्क्रिप्शन सगळं त्याच्याबरोबर जाऊ शकतं.

सिस्को एनएक्स-ओएसवर इंटरफेस ब्रेकआउट कमांडला मॉड्यूल नंबर, पोर्ट नंबर आणि मॅप १०जी-४एक्स किंवा २५जी-४एक्स द्यायचा, मग १/४९ गायब होऊन १/४९/१ ते १/४९/४ दिसतात. जुनिपरवर चेसिसखाली त्या पोर्टला चॅनल-स्पीड. अरिस्टावर वेगळी ब्रेकआउट कमांड शोधू नका, /१ वर स्पीड २५जी किंवा १०जी दिलं की बाकीचे तीन जागे होतात. क्युम्युलसवर पोर्ट्सच्या कॉन्फ फाइलमध्ये एक ओळ.

> इशारा: काही प्लॅटफॉर्मवर या बदलाने फॉरवर्डिंगची सर्व्हिसच रिस्टार्ट होते आणि बाकीचे चालू पोर्टही खाली येतात, काहींना तर पूर्ण रिबूट लागतं. भर दुपारी करू नका.

*तपासा:* चार नवे पोर्ट लिस्टमध्ये दिसतात का, आणि शेजारचे जे पोर्ट दिसायला हवेत ते अजून आहेत का. आता त्या चारांवर व्हीलॅन आणि एमटीयू परत टाका, ते डीफॉल्टवर गेलेले असतात.

६. स्पीड, ऑटोनेग आणि फेक

एफईसी, आपण सगळे फेकच म्हणतो, म्हणजे वाटेत बिघडलेले बिट दुरुस्त करायची सोय. १०जीवर सहसा हा प्रश्नच येत नाही, आणि म्हणूनच १०जीतून २५जीवर येणारे लोक इथे हमखास आपटतात. २५जीवर तीन पर्याय: बंद, बेस-आर ज्याला फायरकोड म्हणतात, आणि आरएस. दोन्ही बाजूंना एकच हवा. एका बाजूला आरएस आणि दुसरीकडे बंद असेल तर लिंक येत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे एका बाजूला वर दिसते आणि दुसरीकडे खाली.

काय ठेवायचं? एसआर ऑप्टिक असेल तर आरएस, स्टँडर्डच तसं आहे. डॅक असेल तर केबलच्या प्रकारावर: सीए-एन लिहिलेली फेकशिवाय चालते, सीए-एसला किमान बेस-आर लागतं, सीए-एलला आरएस. मी तर डॅकवरही दोन्हीकडे सरळ आरएस टाकतो, थोडी लेटन्सी वाढते पण आपल्यापैकी कोणी शेअर बाजाराचं ट्रेडिंग इंजिन चालवत नाहीये.

ऑटोनेगचं (दोन्ही बाजूंनी बोलून स्पीड ठरवण्याचं) असं की ऑप्टिकवर ते नसतंच, तिथे स्पीड दोन्हीकडे हाताने द्या. २५जी डॅकवर स्टँडर्डप्रमाणे आहे, पण दोन वेगळ्या कंपन्यांचा माल असेल तर पटेलच असं नाही. दोन्हीकडे चालू किंवा दोन्हीकडे बंद, एवढा एकच नियम पाळा. एकीकडे चालू आणि एकीकडे बंद ठेवून 'कधी चालतं कधी नाही' म्हणणाऱ्या तक्रारी मी मोजायच्या सोडून दिल्यात.

७. सर्व्हरची बाजू

केबल लावली, स्विचवर सगळं बरोबर, तरी लाइट नाही, मग आधी डीमेसेज (लिनक्स कर्नलचा लॉग) बघा. एक्स५२० अनोळखी ऑप्टिक बघितलं की ड्रायव्हरच लोड होत नाही आणि तिथे अनसपोर्टेड एसएफपी असं स्वच्छ लिहिलेलं असतं. आयएक्सजीबीई ड्रायव्हरला अलाउ अनसपोर्टेड एसएफपी हे पॅरामीटर १ दिलं की सुटतं. पॅसिव्ह डॅकवर सहसा ही कटकट नसते.

मग ईथटूल, म्हणजे नेटवर्क कार्डाची माहिती देणारी कमांड. साधं चालवून स्पीड आणि लिंक, शो-फेकने फेक, आणि एम पर्यायाने मॉड्यूलची माहिती व प्रकाशाची पॉवर. १०जी एसआरला आत येणारा प्रकाश उणे ९.९ डीबीएमच्या खाली असेल तर टोक पुसा, नव्वद टक्के वेळा धूळच असते. पुसायच्या आधी दुसरीकडचं टोक काढलंय ना ते बघा आणि फायबरमध्ये डोळा घालू नका, प्रकाश दिसत नाही पण असतो.

कोणता पाय कुठे गेलाय ते एलएलडीपीने (यात समोरचं यंत्र आपलं नाव आणि पोर्ट सांगतं) पडताळा. एक्स७१० वर एलएलडीपी दिसत नसेल तर गोंधळू नका, त्या कार्डाचं फर्मवेअरच ती पॅकेट मधल्या मधे खातं. ईथटूलच्या प्रायव्हेट फ्लॅगमध्ये डिसेबल-एफडब्ल्यू-एलएलडीपी चालू केलं की येतात.

८. एकेक पाय लावा

चारही पाय एकदम खुपसू नका. क्यूएसएफपीचं टोक आधी, मग पाय १, लिंक बघा, एलएलडीपी बघा, मग पाय २. एक पाय येत नसेल तर तो चालू असलेल्या सर्व्हरच्या पायाशी अदलाबदल करा. दोष पायाबरोबर सरकला तर केबल किंवा स्विचची लेन, सर्व्हरबरोबर राहिला तर कार्ड. चारही येत नसतील तर केबलवर संशय घेऊ नका, पाच आणि सहा नंबरची पायरी परत करा.

जंबो फ्रेम (९००० एमटीयू) वापरत असाल तर ८९७२ बाइटचा पिंग, फ्रॅगमेंट करू नको असं सांगून. साधा पिंग जातो आणि हा जात नाही म्हणजे नव्या पोर्टवर एमटीयू टाकायचा राहिलाय.

९. आता खरा ट्रॅफिक टाका

आयपर्फ३ या स्पीड मोजायच्या टूलने १५०० एमटीयूवर १०जीला ९.४ च्या आसपास आणि २५जीला २३.५ दिसायला हवं. २५जीला कमी दिसलं तर आधी आयपर्फचं व्हर्जन बघा, ३.१६ च्या आधीचं एकाच थ्रेडवर चालतं आणि सीपीयूचा एकच कोअर दमतो.

पण इथेच थांबलात तर फसाल. एकास एक टेस्ट पास होते आणि मग रात्री बॅकअप सुरू झाला की सगळं रेंगाळतं. हिशोब करून बघा: १००जीचा स्टोरेज सर्व्हर १०जीच्या सर्व्हरला झपाट्याने डेटा ढकलतोय, आत येतंय १०० आणि बाहेर जातंय १०, उरलेलं ९० स्विचला धरून ठेवायचंय. ९० गिगाबिट म्हणजे सेकंदाला सव्वाअकरा गिगाबाइट. ब्रॉडकॉमच्या पहिल्या टॉमहॉक चिपमध्ये बफर एकूण १६ एमबी, तोही चार भागांत वाटलेला, म्हणजे एका भागाला ४. ते ४ एमबी सगळे या एका पोर्टला मिळाले असं धरलं तरी ०.३६ मिलिसेकंदात भरतात. त्यानंतर पॅकेट खाली. पाच मिनिटांच्या सरासरीचा ग्राफ मात्र निवांत ३० टक्के दाखवत असतो.

म्हणून ग्राफ बघू नका, स्विचच्या त्या उपपोर्टवर आउटपुट डिस्कार्ड (टाकून दिलेली पॅकेट) बघा आणि सर्व्हरवर टीसीपी रिट्रान्समिट (परत पाठवावी लागलेली). टेस्ट करताना दोनतीन पाठवणारे एकाच १०जी सर्व्हरवर एकदम सोडा. डिस्कार्ड वाढत असतील तर पाठवणाऱ्या लिनक्सवर एफक्यू क्यूडिस्क (पॅकेटची रांग लावायची पद्धत) लावा, पॅकेट गठ्ठ्याने न जाता अंतर राखून जातात, आणि एका कनेक्शनला कमाल रेटही देता येतो. स्विच आणि दोन्ही टोकं ईसीएन (गर्दी झाली की पॅकेटवर खूण करून कळवणं) पाळत असतील तर तेही चालू करा.

> इशारा: कोणीतरी सांगेल की फ्लो कंट्रोल चालू कर, पॅकेट पडायची थांबतील. थांबतील, पण स्विच त्या १००जी पाठवणाऱ्याला पूर्णच थांबवतो, मग एका हळू सर्व्हरपायी त्याच्याकडून घेणारे बाकी सगळेही ताटकळतात.

शेवटी सगळे काउंटर क्लिअर करा, तारीख-वेळ लिहून ठेवा आणि एक रात्रीचा बॅकअप होऊ द्या. सकाळी फेकचे दुरुस्त झालेले आकडे थोडेफार दिसतील, ते चालतं. दुरुस्त न झालेले शून्यच हवेत, आणि एका पायावर वाढत असतील तर त्या पायाचा सर्व्हर प्रॉडक्शनला देऊ नका, आधी केबल बदला.